सेमिसीच्या नावावरच्या दोन ओळी

प्रिय सेमिसी,

परवा तुझ्या बाबांना माती दिल्यावर तू मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाहीस. कमरेला गुंडाळलेली शोकाची चटई सावरत स्वतः कोनफळ वाढलंस.

आपली इस्पितळातली नोकरी आठवते. सर्व्हरवर आपल्याला मोजक्याच कमांड चालवता यायच्या. त्यावरून तू म्हणायचास, आपण इंजिनियर कसले, झाडूवाले. पण सगळ्या मशीनची सेटिंग एकसारखी ठेवणारं ते टूल प्रत्येक मशीनवर पूर्ण अधिकाराने चालायचं, आणि त्याची फाइल आपल्या हातात होती. चोरीनंतरच्या चौकशीत तेच निघालं. कुणीतरी त्या फाइलीत दोन ओळी लिहून आपल्या सामाइक खात्यावरची बंधनं उठवली होती. पाच महिन्यांनी चोर त्याच खात्यातून शिरले आणि रुग्णांच्या सगळ्या नोंदी गेल्या. ओळींपुढे तुझं नाव होतं. तू शपथेवर नाही म्हणालास. कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर बाबांनी चर्चमधलं गाणं सोडलं. मागच्या बाकावर बसायचे. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा तू औषध आणायला गेला होतास. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "लोसा, तू त्याच्या शेजारी बसायचीस. खरं सांग पोरी, माझ्या मुलाने केलं का ते?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, काका."

त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला माहीत होतं, सेमिसी. त्या दुपारी औषधांची यादी अडकली होती, मुलांच्या वॉर्डातून सारखे फोन येत होते, ती सोडवायची कमांड आपल्या खात्याला बंद होती आणि परवानगीला दोन दिवस लागणार होते. तू जेवायला गेला होतास, तुझं मशीन उघडं होतं. मी तिथेच बसून त्या ओळी लिहिल्या. यादी लगेच सुरू झाली. ओळी नंतर काढेन म्हटलं आणि विसरले. तुला नोकरीवरून काढलं, तेव्हा विसरले नव्हते, घाबरले होते. आज सकाळी मी हे सगळं लिहून, सही करून इस्पितळात दिलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या नावावरचा डाग आता धुतला जाईल. बाबांना मात्र मी 'नाही' एवढंसुद्धा म्हणू शकले नाही.

तू अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
लोसालिने