खाऱ्या पाण्यातला सा

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा धरलेला असल्यामुळे आठांपैकी एक अंग उभंच राहिलं, तेवढं चालवून घे.) तुझी पाठ कशी आहे? बाळंतपण लेकीचं आणि कंबर तुझी मोडायची, असं व्हायला नको. बाळाचा आवाज फोनवर रोज ऐकतो. तार सप्तकात इतका स्वच्छ लागतो, की माझ्या क्लासमधल्या मोठ्या माणसांना ऐकवावासा वाटतो. त्याला वाया जाऊ देऊ नकोस.

आता माशांविषयी. सगळे जिवंत आहेत. हे वाक्य मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढचं वाचता वाचता तू उठून तिकीट काढायला धावशील, अशी हिला भीती वाटते. फोनवर तू "मासे कसे आहेत?" विचारतेस, मी "मजेत" म्हणतो आणि नेमकं तेव्हाच बाळ रडायला लागतं. त्यामुळे मधला तपशील राहून गेला. तो आज सविस्तर लिहितो. बसली नसशील तर बस.

तू ताईच्या बाळंतपणाला निघालीस आणि तुझी टाकी आमच्याकडे आली, त्या दिवशी ही घरात नव्हती, म्हणून ती बिनविरोध हॉलमध्ये बसली. संध्याकाळी ही आली आणि टाकीसमोर उभी राहिली. तुला ठाऊकच आहे, ही दिवसभर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिचं म्हणणं असं, की दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची, घरी आलं की नवऱ्याच्या विद्यार्थ्यांची उघडी तोंडं बघायची, आणि आता त्यांच्या मागे ही आणखी उघडी तोंडं! निदान हे गात नाहीत, असं मी म्हणालो. त्यावर तिने मला माशांच्या खाण्याचा डबा दिला आणि "हे तुमचं खातं" म्हणून सांगितलं. पहिले काही दिवस ती टाकीजवळून जाताना मान वळवून जायची. मग एकदा तिला कळलं, की त्या नारिंगी जोडप्यातली मोठी ती बायको आणि लहान तो नवरा, आणि तो जन्मभर तिच्या मागे मागे फिरतो. त्या दिवसापासून ती तिथे थोडं थांबू लागली. (मला ही माहिती द्यायची गरज नव्हती, पण बोलण्याच्या ओघात देऊन बसलो.)

पहिला घोटाळा मिठाचा. टाकीतलं पाणी कमी होतं, ते भरत राहा, असं तू सांगितलं होतंस. कसलं पाणी, हेही सांगितलं होतंस. पण तेव्हा तुझी गाडी हॉर्न मारत होती. मी स्वतःच्या बुद्धीने विचार केला. खारं पाणी कमी झालं तर खारंच घालायला हवं, गोडं घातलं तर ते पाणचट होईल! म्हणून मी दर वेळी तुझ्या पिशवीतलं मीठ कालवून घालत गेलो, आणि आपण किती काटेकोर आहोत म्हणून स्वतःवर खूश होत गेलो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ बिचारं जागचं हलत नाही, हे मला सुचलं नाही. मासे मात्र रुसले. सर्जन (तुझा तो निळा, शेपटीशी सुरी बाळगतो म्हणून तू हे नाव ठेवलंस, असं मी हिला सांगितलं तेव्हापासून ती त्याला 'सर्जनसाहेब' म्हणते) शिक्षा झाल्यासारखा कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. शेवटी हिनेच ते खारटपणा बघायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "अहो, यांचं लोणचं घालताय का?"

मी लगेच गोड्या पाण्याची बादली उचलली. हिने ती हातातून काढून घेतली. पेशंटचं काहीही एकदम करायचं नाही, हे तुझं इस्पितळातल्या नोकरीतलं वाक्य तुझ्याआधी तिच्या तोंडून निघालं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की घरात दुसरी मेट्रन तयार होते आहे. रोज तांब्या तांब्या खारं पाणी काढायचं, तेवढं शुद्ध गोडं घालायचं, असं करत तिने आठवडाभरात सगळं ताळ्यावर आणलं. सर्जनसाहेबांनी तोंड इकडे फिरवलं. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! एके सकाळी त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. कुणी चिमूटभर मीठ भुरभुरवावं तसे. मी शपथेवर सांगितलं की मी काही भुरभुरवलेलं नाही. पण सर्जनसाहेब दगडावर अंग घासत होते. आत्या, तू एकदाच मला म्हणाली होतीस, की नोकरी संपल्यावर सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं म्हणून हे मासे ठेवले. ते आठवलं आणि मला चहा जाईना. मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे धावत गेलो. त्याने सांगितलं, की हा रोग पाण्यातून पसरतो, तेव्हा सगळे मासे दुसऱ्या भांड्यात काढा, औषध तिथेच द्या, मोठ्या टाकीत थेंबही पडू देऊ नका, नाहीतर टाकीतली कोळंबी मरेल. आणि टाकी काही आठवडे माशांवाचून राहिली, की रोगाचे किडे उपाशी मरतील.

तेव्हा आमच्या झोपायच्या खोलीत इस्पितळ निघालं. मोठा पारदर्शक टब, त्यात पाणी गरम ठेवायची कांडी, एक छोटा पंप, आणि लपायला पाइपचे तुकडे. हिने दवाखान्यातून हातमोजे आणले. इकडची जाळी तिकडे गेलेली चालणार नाही, तिकडचा हात इकडे बुडवलेला चालणार नाही, आणि मी तर कुठेच बुडवलेला चालणार नाही. औषधाचं प्रमाण ती रोज तपासायची, पाणी बदलायची आणि सर्जनसाहेब खायला वर आले की सवयीने म्हणायची, "आं करा, अजून मोठं, शाब्बास." एकदा सर्जनसाहेबांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा हिनेही जेवणात लक्ष घातलं नाही. मग मीच ताटं उचलली आणि भांडी घासली. (आत्या, हे मी आपणहून केलं, याची नोंद घ्यावी.) तिसऱ्या दिवशी ती टबाजवळून ओरडली, "खाल्लं हो!" बाळाने पहिलं पाऊल टाकल्यावर ओरडतात, अगदी तशी. नारिंगी जोडप्याला फारसं काही झालंच नाही. बायको टबातही पुढेच होती.

यथावकाश सगळे खडखडीत बरे होऊन हॉलमध्ये परतले. इथे मला एक संगीतविषयक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पेटीचा भाता फाटून ती दुरुस्तीला गेली, ती अजून तिकडेच आहे. पण तुझ्या टाकीचा पंप दिवसभर एकच घूं लावून असतो आणि ती जवळजवळ काळी एक आहे, म्हणजे आमच्या क्लासचा सा. माझा निवृत्त बसड्रायव्हर विद्यार्थी, ज्याचा सा आजवर कुणालाही सापडला नव्हता (त्यालाही नाही), तो टाकीजवळ बसू लागल्यापासून बरोबर लावायला लागला. हळूहळू सगळा क्लास खुर्च्या सरकवत टाकीपाशी गेला. मी शिकवण्याचं श्रेय घेत राहिलो.

गेल्या आठवड्यात भर दुपारी, क्लास रंगात आला असताना, सगळेच्या सगळे एकदम बेसूर झाले. ड्रायव्हरकाका एकीकडे, शिवणकामवाल्या बाई दुसरीकडे, आणि मधे कुणीच नाही. मी खवळलो. "अरे, लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडलो आणि गप्प झालो. खोलीत इतकी शांतता होती, की स्वतःचंच ओरडणं मला ऐकू आलं. पंप बंद होता. गल्लीतली वीजच गेली होती. आणि मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडझाप करत होते.

हिला फोन केला. तिने एका वाक्यात सांगितलं: पाणी भांड्याने उचला, उंचावरून ओता, मी निघाले. मग काय विचारतेस! ड्रायव्हरकाका स्टुलावर चढले, बाई भांडं भरून देऊ लागल्या, पाणी गार होऊ नये म्हणून मी टाकीभोवती आपली दुलई गुंडाळली. दमलेला खाली, ताजा वर. क्लासची वेळ संपली तरी कुणी चप्पल घातली नाही. ही आली ती पर्स न ठेवताच रांगेत उभी राहिली. हात भरून आले, फरशीवर तळं झालं, सर्जनसाहेब आडवे व्हायला लागल्यासारखे वाटले. बाई म्हणाल्या, "मास्तर, काहीतरी म्हणा, हात चालेल." म्हणून आम्ही गात गात ओतत राहिलो. जमेल त्या पट्टीत.

आणि वीज आली. पंपाने घूं केलं आणि सांगितल्याशिवाय सगळ्यांचा सा एकदम लागला. आत्या, इतक्या वर्षांत माझ्या क्लासमध्ये असा सा लागलेला नाही. सर्जनसाहेब सरळ झाले. ही स्टुलावरच बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. पाणी उडालं, म्हणाली. खारं असतं ना ते.

बाकी सर्व क्षेम आहे. ताईला नमस्कार आणि बाळाला अनेक आशीर्वाद, बाळाच्या आवाजाला थोडे जास्त.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. पुढच्या महिन्यात येऊन टाकी घेऊन जाते, असं तू लिहिलं आहेस. घाई करू नकोस. बाळ फार लहान आहे.

ता. क. २. म्हणजे, पेटी दुरुस्त होईपर्यंत टाकी इथेच राहिली तर बरं. पेटीवाल्याला मी घाई करत नाहीये.

ता. क. ३. आत्याबाई, नमस्कार. अक्षर माझं आहे. यांना सांगितलं होतं एकच गोष्ट लिहायला, आणि यांनी मिठापासून सुरुवात केली. टाकी हवी तेव्हा न्या, तुमची आहे. पण त्या एकट्या घरी नेण्यापेक्षा तुम्हीच इकडे या, कायमच्या. मागची खोली मी रिकामी केली आहे, सकाळचं ऊन तिथेच येतं. तुम्ही कुणाकडे राहत नाही, हे मला माहीत आहे. मी तुम्हाला राहायला बोलावत नाहीये, ड्यूटीवर बोलावते आहे. दिवसा मी दवाखान्यात असते आणि घरी जबाबदार माणूस कुणी नसतं.

ता. क. ४. वरचं लिहिताना हिने हात आडवा धरला होता, त्यामुळे काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. पण माझी पूर्ण संमती आहे.