मारिया त्रिनिदाद सांचेझ

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मारिया त्रिनिदाद सांचेझ — कोण ही?

विनयची पँट मशीनमध्ये टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. अक्षर नवऱ्याचंच. आल्ताग्रासिया, सामाना, बाराओना, आसुआ — चौघींवर काट. पाचवीभोवती लाल गोल. मारिया त्रिनिदाद सांचेझ.

चौघी नापसंत, पाचवी पसंत — दुसरा काय अर्थ? या माणसाला मेथी निवडायला बसवलं तर तासभर लावतो!

चिठ्ठी होती तिथे ठेवली. पँट खुंटीवर.

११ ऑक्टोबर

सहज विचारल्यासारखं विचारलं, "खिशात काही आहे का रे? मशीन लावतेय." म्हणाला, "छे, काही नाही." दोन मिनिटांत पँट उचलून आत गेला. नंतर पाहिलं — खिसा रिकामा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

स्टाफरूममध्ये झेबा मॅडमना सांगितलं. त्या हैदराबादच्या, सौदीतल्या दम्मामच्या या शाळेत माझ्याही आधीपासून. म्हणाल्या, "दर्शना, मर्द जब फोन लेकर बालकनी में जाने लगे ना, समझ लो." आमचा तर बाल्कनीतही नाही, खाली गाडीत जाऊन बसतो.

ऑफ पिरियडला लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं. आणि काय निघावं? प्रांत! डॉमिनिकन रिपब्लिकमधला, उत्तर किनाऱ्यावरचा. मुख्य शहर नागुआ. चौघीही प्रांतच. मी भूगोलाची शिक्षिका, बारा वर्षं नकाशे भरून घेतेय — आणि मला ठाऊक नाही!

सगळं वाचून काढलं. भाताची खाचरं, नारळाच्या बागा, कोको. १९४६च्या भूकंपात समुद्र आत शिरला आणि किनाऱ्यावरचं गावच गेलं. आधी प्रांताला हुकूमशहाच्या आईचं नाव होतं. तो गेल्यावर या मारियाचं दिलं. तिनं म्हणे देशाचा पहिला झेंडा शिवायला हात लावला होता. पुढे गोळ्या घालून मारलं तिला.

आणि मी तिला काय काय म्हणत होते तीन दिवस!

संध्याकाळपर्यंत हलकं वाटलं. मग डोक्यात आलं — पण विनयला या प्रांताचं काय?

१५ ऑक्टोबर

नोकरी? कंपनीत माणसं कमी करताहेत, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, जानेवारीत संपतोय. तिकडे काम शोधतोय का? विचारलं. "नोकरी ठीक आहे गं. तुला काय झालंय हल्ली?"

मला काय झालंय!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी तीनला खाली गेला. बाल्कनीतून पाहिलं. गाडी चालू, एसी चालू, फोन समोर धरलेला. हसत होता. मध्येच डोळे पुसले. माझ्यासमोर कधी डोळे पुसलेत यानं?

रुचिरा खालून खेळून आली. "मम्मा, पापा इज ऑन व्हिडिओ कॉल. कोई आंटी है."

वेळेचा हिशेब केला. तिथे सकाळचे आठ. आंटी उठून, आवरून बसली असणार.

१८ ऑक्टोबर

तो आंघोळीला गेला आणि मी फोन घेतला. पासवर्ड अजून रुचिराची जन्मतारीखच. एवढंही लपवायचं सुचलं नाही त्याला.

यानिरा. चाळिशीच्या आसपासची, सावळी, भाताच्या शेतात उभी. इंग्लिश मशीननं भाषांतर केलेलं. "माझ्या मुलांना तुझ्याबद्दल सांगितलं." "मी शुक्रवारची वाट पाहते." "तुझे डोळे माझ्या डोळ्यांसारखे."

मी त्याच्या नावानं लिहिलं — पुन्हा मेसेज करू नकोस. आम्हाला तुझ्याशी काही संबंध नको. पाठवलं. माझा मेसेज पुसून टाकला.

मग भेंडी चिरली. भाजी चांगली झाली. तो जेवला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तीनला खाली गेला. वीस मिनिटांत वर. म्हणाला, "फोन उचलतच नाहीये." "कोण?" "कुणी नाही."

जेवला नाही. मी जिंकले म्हणायचं. तसं वाटत मात्र नाहीये.

२६ ऑक्टोबर, रविवार

नानांना, माझ्या सासऱ्यांना, पक्षाघाताचा दुसरा झटका आला. चिपळूणला दवाखान्यात नेलंय. विनयचा जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा निघाला, उद्या विमान.

बॅग भरता भरता पलंगावर बसला. "दर्शना, मला एक बहीण आहे."

मी साडीची घडी घालत होते, ती तशीच हातात राहिली.

नाना बोटीवर इंजिनरूममध्ये होते, सगळ्यांना ठाऊक आहे. सत्त्याऐंशीमध्ये बोट बिघडून तीन महिने पुएर्तो प्लाता बंदरात पडून होती. तिथे एक बाई. निघताना ती पोटुशी होती. नानांनी दाभोळच्या घरचा पत्ता दिला होता. पत्र आलंच नाही. मार्चमध्ये पहिल्या झटक्यानंतर त्यांनी विनयला सांगितलं, कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली. तिनं त्यांना एकदा आपल्या गावी नेलं होतं, त्याचं नाव आठवेना. एवढंच — भात होता, नारळ होते, मागे समुद्र. "आपल्यासारखंच रे!"

म्हणून हा एकेक प्रांत घेऊन बसला होता. कुठे ऊस, काट. कुठे नुसते नारळ, काट. उरला एक. मग तिथल्या लोकांच्या फेसबुक ग्रुपवर त्या बाईचं नाव टाकत राहिला. ती बाई वारली होती, तिची मुलगी सापडली.

"आणि आता तीच बोलेनाशी झाली," म्हणाला. "कंटाळली असेल. नानांना काय सांगू?"

मी सांगितलं. सगळं. उभ्यानंच.

ओरडेल वाटलं होतं. फोन काढून तिचे जुने मेसेज वाचत बसला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मग एवढंच, "आईला कळता कामा नये."

२७ ऑक्टोबर

विनय गेला. यानिराला मी माझ्या नंबरवरून लिहिलं. मी विनयची बायको. तो मेसेज माझा होता. त्याचा दोष नाही. वडील आजारी आहेत, वेळ थोडा आहे.

निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

२८ ऑक्टोबर

उत्तर नाही. नववी ब ला नद्यांऐवजी पर्वत शिकवले, मुलांनी सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

२९ ऑक्टोबर

लिहिलं तिनं! "मी खूप रडले. पण माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये असं काही दिसलं असतं तर मीही तेच केलं असतं. वहिनीला तुमच्याकडे काय म्हणतात?"

शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

३० ऑक्टोबर

झालं! विनयनं सासूबाईंना आंघोळ-जेवणासाठी नातलगांकडे पाठवलं आणि खाटेशी कॉल लावला. नानांना बोलता येत नाही. डावा हात उचलून स्क्रीनवर ठेवला, तिच्या गालावर. ती "पापा, पापा" म्हणत राहिली. विनय मला सांगताना पुन्हा रडला. म्हणाला, "तू लिहिलंस म्हणून." माफ केलं की नाही, विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सासूबाईंचा फोन. हळू आवाजात, "एकटीच आहेस ना? काल चष्मा राहिला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत आले होते. दारातून बघितलं तिला फोनवर. तुझंही नाव ऐकलं."

मी गॅस बंद केला.

म्हणाल्या, "पत्र आलं होतं गं. अठ्ठ्याऐंशीला. भाषा कळली नाही, पण आत बाळाचा फोटो होता. चुलीत घातलं मी. अजून दोन आली, तीही घातली. यांना वाटत राहिलं, तिनं लिहिलंच नाही."

मग विचारलं, "त्या मुलीला हे कोण सांगणार — तू, की मी?"