गावची खुशाली

सेक्टर ६, भिलाई
ता. २४ नोव्हेंबर १९८६

प्रिय सौ. नलूस,

तेजरामचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या माहेरी तुमसरला थंडी पडली का, तुझ्या दादांचा गुडघा कसा आहे, ते कळव.

या आठवड्यात माझी दुपारची बी शिफ्ट आहे. भाजी मीच आणतो. तू वांग्याला हात न लावता किडकं ओळखायचीस. मी चार निवडून आणतो, दोन फेकतो. शेजारच्या कलावतीबाई रोज विचारतात, "नलूबाई कधी येऊन राहिल्या?" मी म्हणतो, दिवाळीला गेली आहे, येईल. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, हे त्यांनाही कळतं.

कुम्हारीचा प्लॉट घेतला नाही. पैसे कपाटातच आहेत.

त्याचं असं झालं. प्लॉट विकणारा तो आनंदराव आपल्या गावाशेजारचा म्हणून घरी आला, आणि प्लांटमध्ये दिवसभर हिंदी ऐकलेल्या माझ्या कानांना त्याचं 'मले-तुले' इतकं गोड लागलं की मी नकाशाही धड पाहिला नाही. तू मला आत बोलावून म्हणालीस, "याले गावचं तळं माहीत, देऊळ माहीत. पण एकाचीही खुशाली नाही विचारली यानं. गावचा मानूस असा नसते." त्यावर मी बाहेर येऊन जे बोललो, ते पुढे लिहितो.

गेल्या सोमवारी सही करायला दुर्गच्या कचेरीत गेलो. पेन हातात घेतलं आणि तुझं बोलणं आठवलं. त्याला विचारलं, "परवा गावाले गेलो होतो म्हणता, मग आमची माय भेटली का?"

"भेटली ना! मस्त हाय. तुमची लय याद करून राहिली होती."

मायला जाऊन चार वर्षं झाली. शेवटची आंघोळ तिला तूच घातलीस.

नलू, खरं सांगू? खोटं आहे हे कळत असूनही वाटलं, विचारावं, अजून काय म्हणाली? मग पेन खाली ठेवलं आणि बस धरली. घरी आलो तर हे सांगायला कोणी नव्हतं.

"तुले काय समजते? तू चाय ठेव." त्या ठगासमोर मी तुला असं बोललो. तू चहा केलास, कपबशा धुतल्यास आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीचं निमित्त करून पेटी भरलीस. दोन गोड शब्दांसाठी मी परक्याला आपलं केलं आणि तुला परकं. माझं चुकलं.

रविवारी सुट्टी आहे, सकाळच्या गाडीने तुमसरला येतो. माझ्याबरोबर परत यायचं की नाही ते तू ठरव. तिथला चहा मात्र मी ठेवीन, सगळ्यांसमोर.

तोवर घरातल्या सगळ्यांची खुशाली लिही, नावानिशी. तुझी सगळ्यात आधी.

वाट पाहणारा,
तेजराम