आबांना माती

७ रजब
आबा पहाटे गेले. पाय गार पडेपर्यंत मी धरून बसले होते.
नवा राजा गादीवर बसल्याशिवाय जुन्याला माती द्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा रिवाज. आणि इद्रूस, भावांत थोरला, नेमका नदीच्या वरच्या मुलखात! होडी पाठवली आहे. धाकटा मन्सूर माझ्या दाराबाहेर येरझाऱ्या घालतोय.

८ रजब
नदीला पूर. इद्रूस नाही.

१० रजब
कापूर, चंदन, ऊद – कशानंही वास झाकला जात नाही. वर पिवळं रेशीम घातलंय. आम्हाला वाढवणारी जोरामावशी अजून आबांच्या उशाशी पानाचा डबा ठेवते. म्हणाली, "राजा ताटकळलाय गं. पान तरी खाऊ दे." मी तिच्यावर ओरडले. ती गेल्यावर मात्र वाटलं, रेशमाखाली आबांनी कूस बदलली. आजारात म्हणाले होते, "मला ताटकळत ठेवू नका." मी हो म्हणाले होते.
मला भीती वाटते. माझ्या आबांची!

११ रजब
प्रधानांना बोलावून विचारलं, घोडं कुठं पेंड खातंय? म्हणाले, "थोरले हवेत. पण ताईसाहेब, थोरल्या लेकीचा शब्द सगळे मानतात; तुम्ही मन्सूर म्हणालात तर सरदारही मन्सूर म्हणतील. मग हे घर एक राहायचं नाही."
"आबा कुजतायत तिकडे, आणि तुम्ही मला घराचं सांगताय?"
मी मन्सूर म्हणाले.
दुपारी नौबत वाजली, मन्सूर गादीवर बसला. लगोलग आबांना माती दिली. कबरीपाशी नवा राजा लहान मुलासारखा रडला. मी घरी येऊन पोटभर भात जेवले.

१३ रजब
इद्रूस आला. चिखलाच्या पायांनी आधी कबरीवर गेला, मग माझ्याकडे.
"तोंडाला पानं पुसलीस, ताई."
"इद्रूस, आबांची अवस्था बघवत नव्हती रे."
"आणि मला ते शेवटचे बघायचे नव्हते?"
मन्सूर मध्ये पडला. "दादा, वरचा सगळा मुलूख तू घे. माझ्या नावानं सांभाळ."
"तुझ्या नावानं," इद्रूस म्हणाला आणि हसला. पाणीही न पिता गेला.

२० रजब
वरच्या गावांचे पुढारी इद्रूसला राजा करू म्हणतायत, पण बिचकतात. प्रधान निर्धास्त आहेत. "राजा होतो तो बापाच्या प्रेतासमोर. ते इथं जमिनीत आहे. तो कुणासमोर होणार?" मन्सूर हसला. मलाही हायसं वाटलं.

२४ रजब
आबा स्वप्नात येत नाहीत. घर किती शांत आहे.

२७ रजब
कबर उघडी आहे. आत कोणी नाही.
इद्रूसचा माणूस निरोप घेऊन आलाय: "ताई, आबा माझ्याकडे आहेत. वरचे लोक तुझ्या शब्दासाठी अडलेत. ये." तिकडे मन्सूर भाल्यांसकट होड्या काढतोय.
मी त्याच्या आधी निघते आहे. तिथं जाऊन इद्रूस म्हणणार. आबांना माती द्यायला हवी.