बडजीवर कॅमेरा

१ डिसेंबर, रविवार
दुपारी जरा डोळा लागला. उठून पाहतो तर ओट्यावरून भरीत ठेचायची बडजी गायब. आजोबांच्या काळची, सागाची, होडीसारखी खोलगट. अख्ख्या चोपड्यात माझ्याशिवाय कुणी तिच्यात वांगं ठेचलेलं नाही.
यंदा तर मळ्यातली भरीत पार्टीही नाही. शेजारी जीवराम, तीस वर्षांचा दोस्त, त्याच्या मळ्यातली वांगी किडली म्हणे. बिचारा.

२ डिसेंबर
बडजी जागेवर! धुतलेली. लसणाचा वास. चोर घाबरला असणार. गल्लीत माझा वचक आहे. तरी कॅमेरा घेणार म्हणजे घेणार.

५ डिसेंबर
कॅमेरा बसला. धुळ्याहून भाचा योगेंद्र फोनवर म्हणाला, मामा, क्वालिटी हाय ठेवा. जीवराम जवळच होता. म्हणाला, नाना, लो बरी, कार्ड लवकर भरत नाही. शेवटी अनुभवी माणूस. लो ठेवली.

८ डिसेंबर, रविवार
बडजी पुन्हा गेली. मी घोरत होतो हा आरोप खोटा.
रेकॉर्डिंगमध्ये एक पांढरा ठिपका, एक पिवळा ठिपका, मध्ये काहीतरी काळं. बायकोला दाखवलं. कोकिळा म्हणे, "कुत्रं व्हई." बडजी उचलणारं कुत्रं! तिला तपासातलं काय कळतं? जीवरामने नीट निरखून सांगितलं, चेहरा परगावचा वाटतो.

१४ डिसेंबर
बडजी परत आली, पण आता माघार नाही. क्वालिटी हाय. आवाज चालू. संकल्प : उद्या दुपारी झोपायचं नाही.
जीवरामला सांगायला गेलो, घरी नव्हता. वांगी आणायला बामणोदला गेलाय म्हणे. बियाण्यासाठी असतील.

१५ डिसेंबर, रविवार
दुपारी ४. झोपलो नाही. पडलो होतो. बडजी नाही.

सव्वाचार. रेकॉर्डिंग पाहिलं. पांढरा ठिपका म्हणजे जीवराम. मिशीचा केस न् केस दिसतो. पिवळं पातळ आमच्या घरातलं. कोकिळा स्वतः बडजी त्याच्या हातात देते आहे! तो म्हणतो, "नानाले सांगू नका, वहिनी." आमची म्हणते, "त्यासले कोन सांगस! भरीत कमी नि भाषन जास्त." आणि दोघं हसतात.
दगा. दुसरा शब्द नाही. ह्याला भरीत मी शिकवलं. लो ठेवा म्हणाला, मी ठेवली. आज दोघांना जाब विचारणार.

रात्री ८. कोकिळाने भरीत वाढलं. गॅसवर भाजलं म्हणाली. मळ्यात तुरकाठ्या पेटवून भाजल्याचा वास लपतो होय? जाब अगदी ओठांवर आला होता.
पण भरीत झालं होतं चांगलं. माझ्यापेक्षा चांगलं. दोनदा मागून घेतलं, जाब राहिला. फार वाईट वाटलं.

१६ डिसेंबर
सकाळी जीवराम चहाला आला. विचारलं, नाना, चोर सापडला का?
म्हटलं, नाही. पण कोण असेल त्याला सांग, मिरची आधी ठेचायची असते, वांगं मागून.
जीवराम अर्धा चहा टाकून उठला.