शहात्तर म्हणजे शहात्तर

४ फेब्रुवारी, सकाळी
काल मीटिंगमध्ये अचानक सुचलं. अशा गोष्टी मलाच सुचतात.
एप्रिलमध्ये शेजारच्या देशाची युद्धनौका संयुक्त सरावाला येणार आहे. तिच्यावर शहात्तर मिलिमीटरची तोफ. आपल्या नौकेवरही शहात्तर मिलिमीटरचीच. मग त्यांनी सरावाचे गोळे घरून वाहून आणायचेच कशाला? आपले गोळे, त्यांची तोफ. दोन देश, भाता एक! योजनेचं नाव तेच ठेवलं: ‘एक भाता’.
ॲडमिरलसाहेब म्हणाले, “बघा.” एरवी ते “बघू” म्हणतात. “बघा” म्हणजे जवळजवळ मंजुरीच.
कमांडरच्या तीन पट्ट्या खांद्यावर वागवून कंटाळा आलाय. यंदा चौथी नक्की.
संकल्प: कुणाशीही वाद घालायचा नाही. कामातून उत्तर द्यायचं.

६ फेब्रुवारी
दारूगोळा डेपोच्या मॅडमशी वाद झाला.
मॅडम माझ्याच बॅचच्या. त्या तोफखान्याच्या, मी पुरवठ्याचा. म्हणून की काय, प्रत्येक गोष्टीत शिकवायला जातात. म्हणे, शहात्तर ही फक्त नळीची रुंदी झाली. गोळ्याच्या मागे दारू भरलेली पितळी केस असते. ती आपली लांब, त्यांची आखूड. शिवाय आपली ठोक्याने पेटते, त्यांची करंटने.
मी म्हणालो, तपशील नंतर बघू. तर म्हणाल्या, “तोफेत तपशीलच जातो.”
नकारघंटा!

१४ फेब्रुवारी
त्यांच्या नौकेच्या तोफा सांभाळणाऱ्या गनरी ऑफिसरशी व्हिडिओ कॉल. फार उमदा माणूस. त्याला विचारलं, तुमची तोफ शहात्तरची ना? म्हणाला, येस येस, शहात्तर. मी म्हणालो, आमचीपण शहात्तर. तो हसला, मी हसलो. मग लाइन खराब झाली, पण मुद्दा आटोपला होता.
त्याचंही प्रमोशन अडकलंय. त्याने त्याच्या कॅप्टनला लगेच सांगून टाकलं म्हणे. काम करणारी माणसं अशी असतात.

२० फेब्रुवारी
मॅडम स्वतः ऑफिसात आल्या. दोन्ही गोळ्यांची ड्रॉइंग्ज टेबलावर शेजारी-शेजारी पसरली. मी नीट पाहिली. समोरून काढलेली दोन्ही वर्तुळं हुबेहूब सारखी! तसं त्यांना दाखवून दिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “गोळा असा आडवा बघायचा असतो हो.”
त्या गेल्यावर बराच वेळ डोकं दुखत होतं. चहा बंद करायला हवा.

३ मार्च
पाहुण्यांना अधिकृत निरोप पाठवला: सरावाचे गोळे आणू नयेत, सोय आमच्याकडे आहे. तो वाचून मॅडमचा फोन. आवाज चढलेला. मी शांतपणे तडजोड सुचवली, की केस लांबच असेल तर मागून थोडी कापता येईल का? पितळ मऊ असतं. फोन कट झाला.
नेटवर्क वाईट आहे या इमारतीत.

९ मार्च, रविवार
घरात ऑफिसबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना सगळं बोललो. ही ऐकून घेत होती. शेवटी विचारलं, “अहो, पण कुणी घालून बघितलाय का?”
म्हणालो, नौदलात असं घालून वगैरे बघत नाहीत. अभ्यास असतो त्यामागे.
ही म्हणाली, “एकाच नंबरच्या असल्या तरी चपलासुद्धा घालून बघतात.”
चप्पल कुठे, तोफ कुठे.

७ एप्रिल
पाहुणी नौका धक्क्याला लागली. रंग झकास. गनरी ऑफिसरने मिठीच मारली. सरावाचा एकही गोळा आणलेला नाही. युद्धाचे आहेत, पण ते सरावात उडवायची त्यांना परवानगी नाही. शब्द पाळणारी माणसं!
मॅडमनी साहेबांकडे हट्ट धरला, की खऱ्या गोळ्याआधी दारू नसलेला डमी घालून बघा. साहेब हो म्हणाले. घाला म्हटलं. होऊन जाऊ दे.

८ एप्रिल, दुपारी
डमी त्यांच्या तोफेत घातला. गोळ्याचं तोंड झोकात आत गेलं. मी टाळी वाजवली. पुढे मात्र केसचं बूड बाहेरच राहिलं. चांगलं वीतभर.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, नवीन आहे, जरा दाबा. गनरी ऑफिसर म्हणाला, दाबू? म्हटलं, दाबा. त्यांनी यंत्राने दाबला. आतून असा आवाज आला, की धक्क्यावरचे पक्षी उडाले.
आता डमी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. यात माझी चूक काय? दाबायला सांगितलं होतं, इतकं दाबायला नव्हतं सांगितलं.

८ एप्रिल, संध्याकाळी
मॅडम अवजारं घेऊन आल्या, बाह्या सरसावून तोफेत शिरल्या आणि डमी बाहेर काढला. काढेपर्यंत दिवे लागले. गोळा वर नेणारा तोफेचा हात वाकलाय. नवीन भाग त्यांच्या देशातूनच मागवावा लागणार. तोवर त्यांची तोफ बंद.
मला वाटलं होतं, “सांगितलं होतं ना” म्हणतील. त्यावर उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. हात पुसले आणि गेल्या. माणसानं निदान बोलावं.
साहेब तेवढं बोलले. “बघितलंत?” म्हणाले.

१० एप्रिल
सरावाचा दिवस. आपल्या नौकेने लक्ष्याचा अचूक वेध घेतला. पाहुण्यांची अख्खी नौका दुर्बिणी घेऊन रांगेत उभी. त्यांचा कॅप्टन दर गोळ्याला टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या मला जास्त लागल्या.
गनरी ऑफिसर कठड्याला टेकून एकटाच उभा होता. त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, भाषेची अडचण झाली बहुधा. तो म्हणाला, “मला माहीत होतं.” म्हणजे? म्हणाला, त्यांची केस आखूड आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण मी इतक्या खात्रीने बोलत होतो, की त्याला वाटलं, आमच्याकडे काहीतरी नवीन निघालं असेल.
चीड आली. माहीत होतं तर बोलायचं ना! मग आठवलं, मलाही कुणीतरी सांगत होतं. विषय बदलला.

१२ एप्रिल, सकाळी
प्रमोशनची यादी लागली. चौथी पट्टी मॅडमना. अभिनंदन करायला गेलो, तर त्यांनी खुर्ची दिली आणि चहा मागवला. चांगुलपणाचा इतका त्रास मला आधी कधी झाला नव्हता.
चौकशी समितीने मला सोमवारी बोलावलंय. बाजू भक्कम आहे. नेमकी कोणती, ते रविवारी ठरवतो.

१२ एप्रिल, रात्री
पाहुणी नौका निघाली. तोफेवर ताडपत्री. जाताना त्यांच्या कॅप्टनने सगळ्यांना आठवण म्हणून भेटी दिल्या. मला त्यांच्या तोफगोळ्याची रिकामी पितळी केस, घासूनपुसून चकचकीत केलेली. देताना त्याचा चेहरा गंभीर होता. चेष्टा होती की प्रेम, कळलं नाही.
घरी आणली. हिला आवडली. दाराशी ठेवली आणि घरातल्या छत्र्या त्यात घालून बघितल्या. पहिली छत्री टाकताच केस कलंडली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा कलंडली.
ही म्हणाली, “आखूड आहे हो. जरा लांब नव्हती का मिळत?”
म्हणालो, “नाही. त्यांची एवढीच असते.”