माशी बांधण्याचे सामान

॥ श्री ॥

तलासरी, १८ नोव्हेंबर १९५८

ती. वन्सं यांस प्रभाचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. ह्यांची प्रकृती होती तशीच. ऑगस्टात झटका आला तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला की मांडीवरच राहतो. जिभेचा जडपणाही गेलेला नाही. वीस जानेवारीला मेडिकल बोर्डापुढे जायचे आहे. तिथे उजव्या हाताने रेघ ओढता आली तर कचेरीतले नकाशे काढण्याचे काम राहील, नाहीतर सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचे. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू ह्यांनी शेजारच्या मुलांना देऊन टाकला.

एका गोष्टीत मात्र मन रमले आहे. पाड्यावरचा हाल्या येऊन बसतो. त्याने अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू आणून दिला. तो महिनाभर चुलीवर धुरात टांगला होता. आता त्याची काठी करायची म्हणतात. त्यासाठी आपल्याकडून लाल रेशमी दोरा, बाटल्यांची बुचे आणि तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसे मागवायला सांगितली आहेत. पिसे कशाला, तर माशी बांधायला. पुढचे बोलणे मला नीट समजले नाही, आणि पुन्हा विचारले की ते चिडतात.

इथे आपली आठवण रोज निघते, तशी आमची तिकडे निघत असावी.

आपली,
सौ. प्रभा

मसोली, डहाणू रोड, २१ नोव्हेंबर

चि. सौ. प्रभा हीस अ. उ. आ.

तुझे पत्र दोनदा वाचले. अंधाऱ्या पंधरवड्यातला बांबू, तांबडा कोंबडा, लाल दोरा आणि काहीतरी बांधणे. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवले आहे. भगताने दिलेली यादी मला ओळखता येते. माझ्या भावाच्या घरी भगताचा उपचार चालावा आणि त्याचे सामान मी पुरवावे? शांताराम लहानपणी कावीळ उतरवणाऱ्याला तोंडावर हसला होता. त्याच्या मेंदूला धक्का बसल्याचे हे लक्षण आहे, आणि तू ते मन रमले म्हणून लिहितेस.

सामान मिळणार नाही. बोर्डावरच्या एका डॉक्टरांची मुलगी माझी विद्यार्थिनी. रुग्णाने उपचार सोडला असून तो मांत्रिकाच्या हाती गेला आहे, तरी ताबडतोब लक्ष घालावे, असे त्यांना मी आजच्या टपालाने कळवले आहे. शांतारामला राग येईल. येऊ दे.

चिकू यंदा बरे धरले आहेत, करंडी पाठवते. रागावले तरी जीव तुमच्यापाशीच आहे, हे धरून चालावे.

वसुमती

तलासरी, ३ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताचे आहे. लिहायला दोन दिवस लागले.

भगत वगैरे कोणी नाही. डाक बंगल्यात कोणा पाहुण्याने टाकून दिलेले एक इंग्रजी पुस्तक मला मिळाले. बांबूच्या सहा पट्ट्या तासून सरसाने जोडायच्या, की षट्कोनी काठी होते. आत केसाएवढी फट राहता कामा नये. ही मासे धरायची काठी, मूठ बुचांची. तिच्या दोरीच्या टोकाला गळ, आणि गळावर पिसे व दोरा बांधून केलेली खोटी माशी. मासा तिला खरी समजून येतो. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, एवढेच हाल्याचे म्हणणे. माशीचे ऐकून मात्र त्याने विचारले, साहेब, माशाला फसवायला एवढे शिकावे लागते काय?

दोरी ओवायच्या तारेच्या कड्या काठीवर दोरा गुंडाळून बसवतात. डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा आणि उजव्याने काठी फिरवायची. पहिले काही दिवस काठी नुसती निसटत होती. तू नाही म्हटल्यावर प्रभाच्या जुन्या लुगड्याचे सूत काढून घेतले. परवा अंगठ्याने एक पूर्ण वेढा फिरवला. चेंडू दाबताना मी नुसता आजारी माणूस असतो.

आज कागद आला. रुग्ण उपचार घेत नसल्याचे कळल्यावरून बोर्डाने तारीख अलीकडे आणली आहे, तेरा डिसेंबर. मला जानेवारी हवा होता, ताई. तू प्रभाला लिहिलेस, डॉक्टरांना लिहिलेस. मला एका ओळीने विचारायचे होतेस.

तू येऊ नकोस. लोभाचे पुढे पाहू.

शांताराम

मसोली, ६ डिसेंबर

चि. शांताराम यास अ. उ. आ.

चूक माझी. काल डॉक्टरांकडे जाऊन सगळे सांगितले, माशीचेही. ते हसले नाहीत. कागद वरून निघाला आहे, आता तारीख फिरवता येत नाही, म्हणाले. बाईंचे पत्र म्हणून चौकशी न करता खरे धरले, असेही म्हणाले. ते फार लागले.

सोबत दोरा आणि बुचे आहेत. पिसे नरपडच्या जमनाने दिली. ती मासळी घेऊन दारात येते, तिलाच मागितली. आता बाजारभर झाले आहे की बाई भगताकडे जाऊ लागल्या. मी कोणाला खुलासा करत नाही.

येऊ नकोस म्हणालास, म्हणून येत नाही. तेराला घरीच असेन.

वसुमती

तलासरी, २५ जानेवारी १९५९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

प्रभाने तुला निकाल कळवला. बाकीचे मी लिहितो. त्यांनी रेघ ओढायला सांगितली. पेन्सिल धरली, कागदावर टेकवली, आणि निम्म्यावर बोटे उघडली. कामास असमर्थ असा शेरा पडला. या महिनाअखेर नोकरी संपते. कचेरीतल्या शिपायाने माझा कंपास आणि पट्टी घरी आणून दिली.

काठी गेल्या आठवड्यात पुरी झाली. नदीवर गेलो. माशी दोनदा करंजाच्या झाडात अडकली. हाल्याने वर चढून काढली आणि इंग्रजी मासे झाडावर राहतात काय, असे विचारले. मासा लागला नाही.

हे पत्र उजव्या हाताचे आहे, एका बैठकीत लिहिलेले. खाली पट्टी न लावता एक रेघ ओढली आहे, ती पाहा.

राग आहे. तरी पत्र पाठवत जा.

शांताराम

मसोली, २९ जानेवारी

चि. शांताराम यास अ. उ. आ.

रेघ पाहिली. पट्टी लावूनही पाहिली. तेवढे केल्याशिवाय राहवले नाही. सरळ आहे.

फेरतपासणीचा अर्ज फेब्रुवारीअखेरपर्यंत करता येतो, असे कळले. त्याच दिवशी तो लिहिला, पाकीट चिकटवले आणि टपालपेटीपर्यंत गेले. तिथून परत आले. तो सोबत पाठवला आहे. सही तुझी लागेल. शब्द आवडले नाहीत तर बदल, नको असेल तर फाड. मी कोणाला लिहिलेले नाही, भेटलेही नाही.

तुला ती नोकरी अजून हवी आहे का, हे तुला विचारते आहे.

लोभ मागत नाही. उरला असेल तर असू दे.

वसुमती